पुढचा भाग आहे का?

"मामा, पुढचं हाय का?"

मे महिन्यातली दुपार. रहिमतपुरात लाईट गेलेली, पंखा बंद, आणि माझ्या मोबाईलची बॅटरी अकरा टक्क्यांवर. नऊ वर्षांच्या माझ्या भाच्याने त्याच अकरा टक्क्यांत ‘नारुतो’चा दोनशे विसावा एपिसोड संपवला होता. गेल्या दिवाळीपासून आम्ही दोघं हे हिंदीतून बघत होतो. तो विट्यात, मी पुण्यात, आणि सुट्टी लागली की दोघंही रहिमतपुरात. मधल्या काळात फोनवर चर्चा.

मी म्हणालो, "नाही रे. संपलं."

खोटं होतं ते. ‘नारुतो’ २००७च्या फेब्रुवारीत संपलं आणि पुढच्याच आठवड्यात ‘नारुतो शिप्पुदेन’ सुरू झालं. ते पुढे दहा वर्षं, पाचशे एपिसोड चाललं. शिप्पुदेन म्हणजे ढोबळमानाने ‘वादळाची बखर’. हे सगळं मी हॉस्टेलमध्ये मित्राच्या हार्डडिस्कवरून बघून काढलंय, सबमिशनच्या रात्रीसुद्धा. त्यामुळे माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही.

मग खोटं का बोललो? तेव्हा मला वाटलं, पोरगं लहान आहे, पुढे फार मारामारी आहे. पण हे कारण टिकत नाही. मारामारी पहिल्या भागातही आहे. अगदी सुरुवातीच्या एपिसोडांतच हाकू नावाचा मुलगा आपल्या मालकाला वाचवायला मधे येतो आणि मरतो. ते बघून हा रडला होता, आणि रात्री भाकरी-पिठलं खाऊन गाढ झोपलाही होता. मरण लहान मुलांना कळतं. मला वेगळ्याच गोष्टीची धास्ती होती.

(इथून पुढे स्पॉयलर आहेत. पण २००७मध्ये सुरू झालेल्या मालिकेला स्पॉयलर लागू होत नाही, असं माझं मत आहे.)

पहिल्या भागात नारुतो हा अनाथ पोरगा आहे. गाव त्याला वाळीत टाकल्यासारखं वागवतं, तरी त्याला त्याच गावाचा प्रमुख व्हायचंय. गाव म्हणजे कोनोहा. सगळं चांगलं गावात, सगळं वाईट गावाबाहेर. त्या वाइटातलं सगळ्यांत वाईट माणूस म्हणजे इताची. स्वतःच्या आईबापांसकट अख्खं कुळ एका रात्रीत कापणारा, फक्त धाकट्या भावाला जिवंत सोडून पळालेला. पुढच्या भागात, बरंच पुढे गेल्यावर, कळतं की ते कुळ कापायचा हुकूम गावाच्या कारभाऱ्यांनीच दिला होता. बंड होईल म्हणून. इताचीने हुकूम पाळला, भावाला वाचवलं आणि गद्दार हा शिक्का घेऊन जगला. गावाने कुणाला काही सांगितलं नाही. म्हणजे दोनशे वीस एपिसोड आपण ज्या गावावर प्रेम केलं, त्याची शांतता अशी विकत घेतलेली होती.

मला धास्ती होती ती या सत्याची. इताची मरतो तो सीन भाच्याने पचवला असता. गाव मरतं, त्याचं काय?

सिक्वेल ‘डार्क’ झाला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. काही जण म्हणतात, लहानपण नासवलं. काही जण म्हणतात, आता कुठे ही गोष्ट मोठ्यांची झाली. मी बराच काळ दुसऱ्या गटात होतो. वीस-एकविसाव्या वर्षी अंधार म्हणजेच खोली असं वाटतं. रंग फिके करा, पाऊस पाडा, चार पात्रं मारा, की झालं गंभीर. आता तसं वाटत नाही. रक्त वाढवणं सोपं असतं आणि त्याने प्रेक्षकाचं काहीच बिघडत नाही. बाहेरच्या दुष्टाने आपल्या माणसाचे हाल केले तर आपण रडतो, चिडतो आणि स्वच्छ मनाने घरी जातो. आपल्याच बाजूचं काहीतरी चुकलेलं आहे, हे जेव्हा पुढचा भाग सांगतो तेव्हा मात्र घरी जाताना पाय जड होतात. मी काळोख म्हणतो तो या दुसऱ्याला.

यासाठी जपानपर्यंत जायचीही गरज नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या प्रत्येक पोराचा पहिला सीझन एकच असतो. चौथीचं ‘शिवछत्रपती’.

माझा भाचा यंदा चौथीत गेला. पुस्तक मिळायच्या आधीच त्याने थोरल्या बहिणीचं जुनं पुस्तक वाचून टाकलंय. मीही तसंच वाचलं होतं. काय गोष्ट आहे ती! लाल महाल, पन्हाळा, आग्रा, आणि १६७४चा राज्याभिषेक. पहिल्या सीझनला याहून चांगला शेवट नसतो. आणि लगेच पुढचा भाग येतो. संभाजी महाराजांचा.

रहिमतपूरहून साताऱ्याला जायचं तर कृष्णा ओलांडावी लागते. माहुलीच्या पुलावरून मी शेकडो वेळा गेलोय. खाली कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट, देवळं. डिसेंबर १६७८मध्ये युवराज संभाजी सज्जनगडावरून निघाले, या माहुलीवरून पुढे गेले आणि मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. बापाचं राज्य सोडून. पुलावर याचा बोर्ड नाही. शाळेत असताना आमच्या सहली सज्जनगडाला गेल्या, माहुलीला गेल्या. पण हे मला कळलं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, एका पुस्तकातून. तेव्हा आधी वाटलं, छापण्यात चूक असेल.

पुढचं विट्याजवळ घडलं. बाणूरगड, म्हणजे जुना भूपाळगड, भाच्याच्या खानापूर तालुक्यातच आहे. बहिर्जी नाईकांची समाधी तिथे दाखवतात. शाळेच्या सहलीत त्याने ती बघितली, फोटो काढला, मला पाठवला. १६७९च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने हा किल्ला घेतला तेव्हा युवराज त्याच्या फौजेत होते. किल्ला पडल्यावर दिलेरखानाने पकडलेल्या मावळ्यांचा एकेक हात तोडला. इतिहासकार आकडा सातशे देतात. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा होते असं सांगतात. तेच फिरंगोजी, ज्यांनी १६६०मध्ये चाकणचा छोटासा भुईकोट शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. पहिल्या सीझनमधला सगळ्यांचा लाडका म्हातारा, दुसऱ्या सीझनमध्ये समोर धनी म्हणून स्वतःच्याच राजाचा मुलगा. त्याने काय करायचं?

वर्षभरात युवराज परत फिरले, पन्हाळ्यावर आले. बापलेक भेटले. ३ एप्रिल १६८०ला महाराज गेले. समेटाला काही महिनेच मिळाले.

आता या गोष्टीचा गंमतीदार भाग असा की, हा काळोखा सिक्वेल मराठी रंगभूमीवर आणणारा लेखक आमच्याच गावात जन्मला. वसंत कानेटकर, कवी गिरीश यांचे चिरंजीव, जन्म १९२०, रहिमतपूर. नंतर ते नाशिकचे झाले, पण आम्ही हक्क सोडलेला नाही. १९६२मध्ये त्यांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आलं आणि १९६८मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’. दोन्हींत संभाजी राजे रंगवले डॉ. काशिनाथ घाणेकरांनी. दुसऱ्यात समोर औरंगजेब म्हणून प्रभाकर पणशीकर. म्हणजे नट तोच, पात्र तेच, सहा वर्षांनी पुढचा भाग.

दोन्ही मी लागोपाठ वाचली. अपेक्षा अशी होती की दुसरं जास्त अंधारं असणार. पकडणं, हाल, मरण, सगळं त्यातच आहे. पण उलटं झालं. ‘इथे ओशाळला मृत्यू’ वाचून छाती भरून येते. नावातच निकाल लागलेला आहे: लाजायचं ते मरणाने, राजाने नाही. झोप मला पहिल्याने लागू दिली नाही. ‘रायगडाला’मध्ये तलवार फारशी चालत नाही. एक बाप आहे ज्याला राज्य उभं करताना मुलाला द्यायला वेळ मिळाला नाही. एक मुलगा आहे ज्याला बापाचा अभिमान आहे आणि बापाचाच राग आहे. सावत्र आई आहे, कारभारी आहेत, आणि प्रत्येकाकडे स्वतःपुरतं खरं कारण आहे. शत्रू स्टेजवर यायची गरजच पडत नाही. मला तो बाप सह्याद्रीएवढा मोठा वाटण्याऐवजी आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बापासारखा वाटला, आणि आश्चर्य म्हणजे त्याने तो लहान झाला नाही.

अर्थात अंधार कोण रंगवतंय हेही बघावं लागतं. आमच्या धंद्यात ‘गिट ब्लेम’ नावाची कमांड असते. कोडमधली कुठली ओळ कुणी लिहिली ते ती दाखवते. संभाजी महाराजांच्या बदनामीवर ती चालवली तर उत्तर बऱ्याच अंशी मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीपाशी येतं. ती लिहिली गेली घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनीच देहदंड दिला होता. तो व्यसनी, वाया गेलेला राजपुत्र पुढे गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’मध्ये उतरला. वा. सी. बेंद्रेंचा ग्रंथ १९६०मध्ये आला तेव्हा कुठे चित्र पालटलं. कानेटकरांचं नाटक त्यानंतर दोन वर्षांनी आलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गडकऱ्यांवरचा राग मात्र मुरत राहिला. जानेवारी २०१७मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा उखडून मुठेत फेकला गेला. लेखकाला जाऊन तेव्हा जवळपास शंभर वर्षं झाली होती. नाटकाला उत्तर नाटकाने देता येतं, हे कानेटकरांनी दाखवून पंचावन्न वर्षं होत आली होती.

म्हणजे खोटा अंधार असतो, आणि तो सूडातून येतो. पण खोट्याला घाबरून खराही नाकारायचा का? माहुलीचा पूल बेंद्र्यांनंतरही तिथेच आहे.

‘छावा’ आला तेव्हा मी पुण्यात पहिल्याच आठवड्यात बघितला. १४ फेब्रुवारी २०२५ला तो लागला. शेवटचा छळाचा भाग लांबलचक आहे. माझ्या शेजारचा माणूस हुंदके देत होता, माझेही डोळे भरले. रडण्याला मी नावं ठेवत नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. जानेवारीत ट्रेलर आला तेव्हा त्यात महाराज लेझीम खेळताना दिसत होते. त्यावर वाद झाला, आणि दिग्दर्शकाने तो भाग काढून टाकला. हाल राहिले. म्हणजे आमचा राजा आनंदात चार पावलं टाकताना आम्हाला बघवला नाही. नखं उपटली जाताना बघवला.

हे लिहिताना जरा चाचरतो आहे, कारण आक्षेप घेणाऱ्यांचं प्रेम खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. पण रहिमतपुरात लेझीम ही शाळेत शिकवतात, मिरवणुकीत खेळतात. आमच्यासाठी ती हलकी गोष्ट कधीच नव्हती. जो माणूस कधी हसलाच नाही, नाचलाच नाही, त्याचं गेलं म्हणजे नक्की काय गेलं? हाकू मेल्यावर भाचा रडला, कारण त्याआधी हाकू त्याला फुलाझाडांत निवांत दिसला होता. पुढचा भाग अंधारा व्हायला पहिल्या भागात ऊन पडलेलं असावं लागतं. ते ऊनच आपण कापायला निघालो, तर उरतं ते फक्त लाल रंगाचं पाणी.

सिक्वेलचा हा पेच किती जुना आहे, ते भवभूतीकडे बघितलं की कळतं. आठव्या शतकातला, विदर्भातल्या पद्मपूरचा समजला जाणारा हा नाटककार. आधी रामाच्या पराक्रमाचं ‘महावीरचरित’ लिहिलं, मग ‘उत्तररामचरित’. दुसऱ्याच्या पहिल्याच अंकात राम आणि सीता भिंतीवरची चित्रं बघत बसतात. स्वतःच्याच मागच्या आयुष्याची! रिकॅप एपिसोडच म्हणा. ती बघून होतात न होतात तोच सीतेला टाकायची वेळ येते, आणि या वेळी रावण नसतो. टाकणारा रामच. भवभूतीने हे सोडलं नाही, रामाला रडू दिलं, सगळ्यांसमोर अपराधी होऊ दिलं. पण शेवट त्याने बदलला. दोघांची भेट घडवली. त्याला ते सहन झालं नसावं. मी त्याला दोष देत नाही, कारण मीही भर दुपारी एका पोराला ‘संपलं’ म्हणून सांगितलं होतं.

आणि आता ते सांगतो, जे सांगायचं मी टाळत आलोय.

हा भाचा माझ्या आत्याच्या मुलीचा मुलगा. आत्या विट्याला दिलेली. माझ्या लहानपणाच्या गोष्टीत आमचं घर म्हणजे कोनोहाच. कष्टाळू आजोबा, सरळमार्गी वडील, भाऊबीजेला न चुकता येणारी आत्या. आमचं आल्याचं रान होतं, स्टेशनच्या बाजूला, वीस गुंठे. मी बारावीत असताना ते विकलं आणि त्या पैशांतून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली. घरात हे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं: पोराच्या शिक्षणासाठी बापाने रान विकलं. मीही मुलाखतीत एकदा असंच सांगितलंय, थोडा आवाज कापरा करून.

दोन वर्षांपूर्वी कर्जाच्या कामासाठी जुनी कागदपत्रं काढली. त्यात हक्कसोडपत्र होतं. आत्याची सही. रान विकायच्या आदल्या वर्षीची तारीख. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सगळ्यांच्याच बहिणी देतात सही. साडीचोळी केली होती की तिला." आत्याची परिस्थिती तेव्हा कशी होती, ते मला माहीत होतं. तिची मुलगी, माझी ताई, बारावीला माझ्याहून हुशार होती. तिने बी.ए. केलं. बाहेरून.

कुणी जबरदस्ती केली नाही. खोटी सही घेतली नाही. वडील वाईट माणूस नाहीत, बहिणीवर त्यांचा जीव आहे. खलनायक कुठेच नाही. ‘रायगडाला’ वाचून मला झोप का आली नव्हती, ते त्या दिवशी समजलं.

वडिलांशी मी अजून बोललेलो नाही. आत्याशीही नाही. तिला पैसे द्यावेत असं मनात येतं, आणि ते किती, कसे, कुठल्या तोंडाने, इथे अडकतं. ती घेणार नाही हे मला माहीत आहे, आणि ती घेणार नाही हे माहीत असल्यामुळेच मी इतक्या उदारपणे विचार करू शकतो की काय, अशीही शंका येते.

तर प्रश्न असा होता की, नऊ वर्षांच्या पोराला पुढचा भाग दाखवावा का. मी वयाचा बहाणा केला. वय हे कारण अगदीच पोकळ नाही. आधी गावावर प्रेम बसू दे, मग गावाचा गुन्हा सांगा, हा क्रम मला बरोबर वाटतो. पहिला भाग न बघता थेट दुसरा बघणाऱ्याला सगळीच माणसं खोटी वाटतात. तशी पोरं मी कॉलेजात बघितली आहेत, आणि त्यांचं शहाणपण मला कधीच पटलं नाही. पण माझ्या भाच्याचा पहिला भाग पूर्ण झाला होता. त्याने स्वतःहून विचारलं होतं. विचारणाऱ्याला ‘संपलं’ सांगणारा मी, त्याच्या काळजीपोटी सांगत होतो की मला लपायला जागा हवी होती म्हणून? कोनोहाच्या कारभाऱ्यांनीही गावाच्या भल्यासाठीच लपवलं होतं.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो माडीवरून धडधड उतरत आला. युट्यूबने त्याला सुचवलं होतं. मशीनला आपली काळजी नसते.

"मामा, पाचशे एपिसोड हायत! तू खोटं बोललास."

"हो."

"का?"

"पुढे गाव वाईट निघतं."

त्याने थोडा विचार केला. "सगळं?"

"सगळं नाही. पण कारभारी."

"मग नारुतो गाव सोडतो?"

मी म्हटलं, ते बघून ठरव. मग त्याला बाणूरगडाबद्दलही सांगितलं. फिरंगोजी, दिलेरखान, युवराज. हातांचं सांगताना मी थांबणार होतो, पण थांबलो नाही. तो बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने विचारलं, त्या सातशे लोकांना पुढे कुणी जेवायला घातलं असेल. याचं उत्तर मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

संध्याकाळी लाईट आली. आम्ही शिप्पुदेनचा पहिला एपिसोड लावला. शेजारी आत्या तांदूळ निवडत बसली होती. तिने चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं.

"हे तेच का रे पोरगं? मोठं झालं की."

"अडीच वर्षं गेलीत मधे, आज्जी," भाचा म्हणाला.

"काय झालं मधल्या काळात?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी सूप ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर खडे वेचायला लागलो. "आत्या," मी म्हटलं, "तुझ्याशी जरा बोलायचं होतं. रानाबद्दल."

तिचे हात थांबले नाहीत. "आधी याचा भाग संपू दे," ती म्हणाली.